नॅशनल पार्क, कान्हेरी आणि ते 'जरासं आत'

रविवारी दोन मुलांना घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीची बौद्ध लेणी बघून आलो. पोटऱ्या अजून ठणकताहेत, म्हणून स्पष्टच लिहिते. "गेटमधून जरासं आत गेलं की कान्हेरी" असं एका व्हिडिओत सांगणाऱ्याने ते अंतर तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन एकदा चालून दाखवावं. मुख्य गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत! रस्ता डांबरी, दोन्हीकडे झाडी, मोठ्यांना सायकलवर मजाच येईल. पण आमच्या पाच वर्षांच्या बाईसाहेबांनी पहिल्या वळणालाच "आलं का?" सुरू केलं.

तेव्हा गेटवरूनच बस धरा. पाकीट मात्र तीनदा काढावं लागतं: पार्कचं तिकीट वेगळं, बसचं वेगळं आणि लेणी पुरातत्त्व खात्याकडे असल्यामुळे तिथलं आणखी वेगळं. तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याने गेटपर्यंतचे थेट शंभर रुपये सांगितले. अंतर जेमतेम किलोमीटरभर. पूर्वेला उतरा आणि सरळ चालत जा, नाहीतर मीटर टाकणारा शोधा.

लेणी शंभराहून जास्त आहेत. सगळी बघण्याचा हट्ट सोडा. तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, बघा. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सातेक मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत, वर बघता बघता मुलगी मागच्या मागे बसलीच. मग अकरा नंबर, आत लांबलचक दगडी बाकं आहेत. धाकट्याला यातलं काही नको होतं. पावसाचं पाणी टाक्यात नेण्यासाठी कातळात बारीक पन्हळी खोदल्या आहेत, त्यातल्या एकीत त्याने खिशातली गाडी सोडली आणि अर्धा तास तिथून हलला नाही. आमचा सगळ्यांत स्वस्त आणि शांत अर्धा तास तोच.

तिथेच थांबायला हवं होतं, पण "वरून काय व्ह्यू आहे!" असं वरून उतरणाऱ्या एका ग्रुपने सांगितलं. व्ह्यू आहे, नाही कशाला म्हणू? पण वर जाणाऱ्या पायऱ्या कातळातच खोदलेल्या, झिजून मधोमध खोलगट झालेल्या आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. काळा बेसाल्ट खडक सकाळी अकरानंतर असा तापतो की मुलीच्या पातळ सँडलमधून चटके बसायला लागले. चढताना कळत नाही, उतरताना कळतं. नवऱ्याच्या एका हातात पोरगा, दुसऱ्यात पिशवी. मी मुलीला पुढ्यात घेऊन बसून एकेक पायरी उतरले, ड्रेसची मागची बाजू कामातून गेली. पाच वर्षांखालचं मूल असेल तर वर जाऊ नका. पावसाळ्यात तर मुळीच नको, शेवाळावर मोठे घसरतात. बाबागाडी घरीच ठेवा.

माकडांना हलक्यात घेऊ नका. ठेपल्याचा डबा नवऱ्याच्या मांडीवरून गेला, झाकण तेवढं हातात राहिलं. खाणं सॅकमध्ये, चेन लावून, आणि ते लेण्यांपाशी उघडायचंच नाही. पाणी मात्र वाटतं त्याच्या दुप्पट घ्या.

परतीची बस दुपारी पकडू नका. ऊन चढलं की सगळा डोंगर एकदमच खाली येतो आणि रांगेत सावली अगदी थोडी. सकाळी पहिल्या बसने वर, अकराच्या आत खाली. एवढं जमलं तर बाकी दिवस सोपा आहे: गेटजवळ हिरवळ, बोटिंग, मुलं खूश.

पार्कातली वाघ-सिंहांची सफारी आणि लेणी दोन्ही एका दिवसात? लहान मुलं बरोबर असतील तर नाही. सफारीच करायची असेल तर कान्हेरीचं नावही काढू नका, आणि सोमवारी जाऊ नका, दोन्ही बंद असतं.