तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तक वाचलं, मग घर कशाला बघायचं?

मला लेखकांची घरं बघायची खोड आहे, त्यामुळे हा प्रश्न वारंवार कानावर येतो. विचारणाऱ्याचं निम्मं बरोबरच असतं. प्रतिभा कुठून आली हे भिंती सांगत नाहीत. लिहायला जागा केवढी होती आणि घरात आणखी कोण कोण वावरत होतं, एवढं मात्र त्या सांगतात, आणि मला तेवढं पुरतं.

इंग्लंडमधल्या चॉटन गावातलं कादंबरीकार जेन ऑस्टिनचं घर घ्या. घर भावाच्या मालकीचं. १८०९पासून ती तिथे आई, बहीण कॅसँड्रा आणि मैत्रीण मार्था लॉइड यांच्याबरोबर राहिली. ती ज्यावर लिहायची असं मानतात ते अक्रोडाच्या लाकडाचं बारा कोनी टेबल आजही तिथे आहे. कागद आणि दौत ठेवली की कोपर टेकायची पंचाईत, एवढंसं. 'एमा' आणि 'पर्स्वेजन' या तिच्या कादंबऱ्या याच घरात लिहून झाल्या. तिच्या भाच्याने आठवणींत लिहून ठेवलंय की एक दार करकरायचं, पण ती ते दुरुस्त करू देत नसे. कोणी आलं की आवाजाने कळायचं आणि कागद झाकता यायचे. भाच्याने थोडं रंगवून सांगितलं असेलही. पण तिच्या कादंबऱ्यांत मोक्याचं बोलणं सुरू झालं की नेमकं कोणीतरी खोलीत येतं, हे मला ते टेबल बघितल्यावरच खटकायला लागलं.

इंग्लंडमध्येच हॉवर्थला शार्लट, एमिली आणि ॲन या लेखिका ब्रॉंटी बहिणींच्या घरासमोर दफनभूमी आहे, सगळे आधी तिचेच फोटो काढतात. बघायचं ते जेवणाचं टेबल. रात्री तिघी त्याभोवती फेऱ्या मारत एकमेकींना लिहिलेलं ऐकवायच्या. डिसेंबर १८४८मध्ये एमिली गेली, मे १८४९मध्ये ॲन. त्यानंतर शार्लट एकटीच फेऱ्या घालायची. खोली लहान आहे, फेरी फार लवकर पुरी होते.

जन्मघरांचं मला विशेष कौतुक नाही. पाळण्यातलं बाळ काही लिहीत नसतं. रशियन कादंबरीकार टॉल्स्टॉयचा जन्म यास्नाया पोल्याना या त्याच्या घराण्याच्या जहागिरीतल्या ज्या मोठ्या घरात झाला, ते विकलं गेलं आणि तिथून हलवलंही गेलं. ज्या कोचावर तो जन्मला तो कोच तेवढा राहिला. त्याने तिथे काही बिघडत नाही, कारण तो ज्या घरात लिहायचा ते शाबूत आहे. त्याची नजर अधू, चष्मा लावायचा नाही, म्हणून कागद डोळ्यांजवळ यावा यासाठी खुर्चीचे पाय कापून घेतलेले. आणि त्याचं गिचमिड अक्षर लावून 'युद्ध आणि शांती'चे खर्डे पुन्हा पुन्हा उतरवून काढणारी त्याची बायको सोफिया, मुलंबाळं आणि घरकारभार सांभाळून. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ती नाही, घरात जागोजागी आहे.

जाणार असाल तर पाट्या नीट वाचा. 'त्या काळातली खुर्ची' आणि 'त्यांची खुर्ची' यांत फार फरक असतो. पुष्कळ ठिकाणी सामान नंतर जमवलेलं असतं. अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या फ्लोरिडातल्या 'की वेस्ट'च्या घरात तर लोक सहा बोटांच्या मांजरांतच रमतात. मांजरं गोड आहेत, मान्य. पण त्याची लिहायची खोली मुख्य घरापासून वेगळी होती, ती चुकवू नका. आणि आधी एखादं पुस्तक वाचून जा, नाहीतर ते नुसतं जुनं फर्निचर बघणं होतं.