कासला या, पण रविवारी नको

ऑगस्ट संपत आला की आमच्या सातारकरांचे फोन वाजायला लागतात. पुण्याची आत्या, मुंबईचा कॉलेजमधला मित्र, एरवी दिवाळीला फॉरवर्ड केलेला मेसेज टाकणारी माणसं, सगळ्यांचा प्रश्न एकच, साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं आली का रे? आणि त्याच्या पाठोपाठ, आम्ही या रविवारी येतोय. आता दरवर्षी प्रत्येकाला वेगळं समजावून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो आणि लिंक पाठवून देतो, म्हणून ही पोस्ट. मोठी झालीय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, रविवारी येऊ नका. शनिवारी पण नको. हे मी तुम्हाला टाळायला सांगत नाहीये (आत्या, खरंच नाही). काय होतं, २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि त्यानंतर जी गर्दी सुरू झाली ती थांबलीच नाही. मग ऑनलाइन बुकिंग आलं, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, तिकीट आलं. पण यवतेश्वरचा घाट तेवढाच राहिला ना. रविवारी सकाळी साताऱ्यातून निघालेली गाडी घाटात अडकते, पुढं पार्किंगला रांग, आणि वर पोचेपर्यंत पोरं कंटाळलेली, मोठी माणसं भांडणाच्या मूडमध्ये. मग अर्ध्या तासात दोन सेल्फी आणि परत. पंचवीस किलोमीटरवरून आलेल्या मला ते बघून वाईट वाटतं, तुम्ही तर दीडशे-अडीचशे किलोमीटरवरून येता. मंगळवारी-बुधवारी या. एक सुट्टी टाका. ऑफिस बुडत नाही.

दुसरी गोष्ट, आणि हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, गाईड घ्या. गावातला. कारण काय, कास म्हणजे बाग नाहीये. तो सडा आहे, जांभ्या दगडाचा, वर मातीचा पातळसा थर, काही ठिकाणी तर बोटभर पण नाही. झाडं वाढणार कशी त्यात? पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात तापून तवा होतो, मातीत जीव नाही. म्हणून तिथं जे उगवतं ते सगळं छोटं, घाईत वाढणारं, चार महिन्यांत जन्म-फुलं-बी उरकून मोकळं होणारं. साडेआठशेच्या आसपास जातींच्या वनस्पती आहेत असं सांगतात, पण गाडीतून उतरून नुसतं बघितलं तर तुम्हाला दोनच दिसणार, गुलाबी तेरडा आणि पिवळी मिकी माऊस. बाकीचं गवत वाटतं.

माझ्याबरोबर एकदा तिकडच्याच एका वाडीतला पोरगा होता गाईड म्हणून, बारावी झालेला, पायात साध्या चपला. त्यानं आम्हाला एका ओल्या कातळापाशी उकिडवं बसायला लावलं आणि म्हणाला आता दोन मिनिटं कुणी बोलू नका, नुसतं खाली बघा. बघितलं तर जांभळी फुलं, नखाएवढी. सीतेची आसवं. आम्ही म्हटलं वा छान. तो म्हणाला छान नाही ओ, हे किडे खातंय. खाली ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात म्हणे, पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात, कारण मातीतून नायट्रोजन मिळत नाही मग करणार काय. पुढं चार पावलांवर दवबिंदू नावाची वनस्पती, तिच्या केसांवर चिकट थेंब आणि त्यात एक चिलट अडकलेलं, अजून हलत होतं. मग गेंद, मग वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी त्यानं पानांवरूनच दाखवली, ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, त्या वर्षी नव्हती. पोरगा मधेच म्हणाला, ताई पाय उचला, तुमच्या बुटाखाली आमरी आहे (म्हणजे ऑर्किड). हे कुठल्या ॲपवर मिळतं सांगा बघू. त्याला दिलेले पैसे ही त्या दिवसातली सगळ्यात स्वस्त खरेदी होती.

आणि पायवाट सोडू नका असं ते ओरडून सांगतात ना, ते उगाच नाही. यातल्या बऱ्याच वनस्पती वर्षायू आहेत, एकाच वर्षात जगून संपणाऱ्या, म्हणजे बी पडायच्या आधी तुम्ही फुलात लोळून फोटो काढला की तिथं पुढच्या वर्षी काय उगवणार? शिवाय माती दाबली गेली की पाणी मुरत नाही. इथं मी कुणाचंच ऐकून घेत नाही, रील असो नाहीतर प्री-वेडिंग.

गावाचं म्हणाल तर कास पठार सांभाळतात ती आसपासच्या गावांची माणसं, वनखात्याबरोबर त्यांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे. कास, एकीव, आटाळी, कासाणी ही गावं सुरुवातीपासून. तिकिटाचे पैसे समितीकडं जातात, त्यातून तिकीट फाडणारी, पार्किंगला उभी राहणारी, कचरा उचलणारी, फुलात शिरणाऱ्याला शिट्टी मारणारी पोरं-पोरी आणि बायका यांना हंगामात रोजगार मिळतो. म्हणून माणशी दीडशे रुपये कशाला असं गेटवर भांडू नका प्लीज. दीडशेत मॉलमध्ये पॉपकॉर्न येत नाही.

मधे पठाराला लोखंडी जाळीचं कुंपण पण घातलं होतं. त्यावर लय वाद झाले. गावातली जुनी माणसं म्हणायची, आमची जनावरं चरायची तेव्हा गवत आटोक्यात राहायचं, शेण पडायचं, आता गवत माजलं आणि फुलं कमी झाली. शेवटी जाळी काढली. मला यातलं शास्त्र सगळं कळतं असं नाही पण एक कळतं, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची गुरं त्या सड्यावर फिरली त्यांना विचारल्याशिवाय तिथं काही करायला जाऊ नये.

आता पैशाचं बोलतो. हे जबाबदार पर्यटन, इको टुरिझम वगैरे शब्द हल्ली प्रत्येक रिसॉर्टच्या बोर्डावर असतात, बांबूचं गेट आणि आत स्विमिंग पूल. माझा हिशोब साधा आहे, तुमच्या खिशातून निघालेले पैसे रात्री कुठं मुक्कामाला जातात? पुण्याहून एका दिवसात येऊन जाणारी फॅमिली घ्या. पेट्रोल पुण्यात, नाष्टा हायवेला, दुपारचं जेवण शहरातल्या हॉटेलात, जाताना कंदी पेढे (ते घ्याच, त्याला माझी हरकत नाही). डोंगरावर काय राहिलं? तिकीट आणि उकडलेलं कणीस. आणि हो, चिप्सची पाकिटं. तो कचरा पण गावातलीच बाई उचलणार. त्यातून काससाठी येणारा सगळा लोंढा दीड-दोन महिन्यांचा, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. बाकी वर्षभर काय? आमच्या जावळी खोऱ्यातली पोरं कित्येक वर्षं मुंबईला माथाडीत जातायत ती काय हौस म्हणून नाही.

त्यामुळं माझा आग्रह असा, एक रात्र राहा. गावात, घरगुती ठिकाणी. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर बामणोलीकडं, तापोळ्याकडं अशी घरं आहेत, काहींनी तंबू टाकलेत. जेवायला नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, रस्सा हवा असेल तर तो पण. फक्त एक दिवस आधी फोन करून सांगा किती माणसं, कारण तिथं फ्रीजमध्ये ग्रेव्ही तयार नसते, काकी तुमच्या नावानं कोंबडी आणते, पीठ दळून आणते. आणि सांगितल्यावर जा. वाटेत दुसरं हॉटेल आवडलं म्हणून न कळवता तिकडं जेवणारे लोक मी बघितलेत, इकडं चुलीपुढं बाई दहा माणसांचा स्वयंपाक करून बसलेली. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. भाकरीच्या दरात घासाघीस करणाऱ्यांबद्दल तर मी लिहीतच नाही, शिव्या येतील.

कासचा तलाव लागेल वाटेत. सुंदर आहे, बसा, डबा खा. पण तो आमच्या सातारा शहराचं पिण्याचं पाणी आहे, ब्रिटिशांच्या काळापासून. तुम्ही त्यात गाडी धुतली की ते पाणी खाली माझ्या घरच्या नळाला येतं. म्हणजे बघा, किती जवळचं नातं आपलं. दारूच्या बाटल्या फोडणाऱ्यांना काय सांगणार, दरवर्षी इथली पोरं सफाई मोहीम काढतात आणि पोत्यांनी काचा गोळा करतात.

आणि फुलांचा हंगाम गेला म्हणून सातारा संपत नाही हो! हे पुणेकरांना कळतच नाही. हिवाळ्यात पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार करा. २०१७ च्या मे मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं, लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांसाठी दिल्या, एका घरात इतिहास, एका घरात कविता, कुठं बालसाहित्य. कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसा, फुकट वाचा, कुणी उठवत नाही. पण म्हणून फुकट वाचून फुकटच निघू नका, त्याच घरात चहा घ्या, जेवा, शेतातली स्ट्रॉबेरी शेतातच विकत घ्या. पॉइंटवर धावत फिरण्यापेक्षा सासूबाईंना पण हे आवडतं, अनुभवाचे बोल. जवळच मांघर आहे, २०२२ ला मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं, तिथं मधमाश्यांच्या पेट्या बघायला मिळतात आणि मध खात्रीचा. महाबळेश्वरच्या बाजारातल्या प्रत्येक बाटलीबद्दल मी तसं म्हणणार नाही.

ज्यांना पाय मोकळे करायचेत त्यांनी वासोटा किल्ला करा, पण पावसाळ्यात नाही, तेव्हा बंद असतो. बामणोलीहून लाँचनं शिवसागर ओलांडून जायचं, तास-दीड तास पाण्यातून. कोयना धरण झालं तेव्हा याच पाण्याखाली गावं गेली, शेतं गेली. ज्यांची घरं गेली त्यांचीच मुलं-नातवंडं आज इथल्या लाँच चालवतात. बोटवाल्या काकांना विचारलं की खाली कुठलं गाव होतं तर हात करून दाखवतात, इकडं देऊळ, तिकडं पेठ. किल्ला कोयना अभयारण्यात येतो, वनखात्याची परवानगी लागते, आणि पायथ्याला तुमच्या बॅगेतल्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात, डिपॉझिट घेतात, येताना तेवढ्याच दाखवल्या की पैसे परत. काही लोकांना याचा राग येतो. मला तर वाटतं ही सिस्टीम यवतेश्वरच्या घाटात सुरू करावी. वासोट्यावर रात्री राहता येत नाही, संध्याकाळच्या आत परत बोटीत, त्यामुळं सकाळी लवकर बामणोलीत हजर राहा, म्हणजेच आदल्या रात्री तिथंच मुक्काम. (बघा, आलं की नाही माझं तेच.)

गाडी नसली तरी साताऱ्याच्या स्टँडवरून बामणोलीला एसटी जाते, काय टायमिंग आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या. आणि लाँचचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं, त्यामुळं तुम्ही चौघंच असाल तर घाई करू नका, धक्क्यावर जरा थांबा, दुसरा ग्रुप येतोच, त्यांना विचारा आणि भाडं वाटून घ्या.