चढा गंधार

गुरुवार, रात्री सव्वाअकरा

पावसाळी हवेनं पेटी, म्हणजे माझी हार्मोनियम, आज पुन्हा रुसली. पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी, दाबली की वर यायलाच तयार नाही. मी काळी एकमध्ये वाजवतो, माझा सा पहिल्या काळ्या पट्टीवर; म्हणजे अडकला तो नेमका गंधार, माझा ग. झाकण उघडून पट्टीची कड पॉलिशपेपरनं हलकेच घासली, तेव्हा कुठे मोकळी झाली.

मग मोबाइलवर तानपुरा लावून भूप राग घेतला. गंधारावर थांबलं की आत काहीतरी थरथरतं. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो, त्याहून पेटीचा सुमारे 14 सेंट चढा. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ऐकू यायला एवढं अंतर पुरे. त्यात पेटीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, जमत नाही. वीस वर्षं हौसेनं वाजवतोय, पण हा आरोप मला खोडून काढता आलेला नाही.

आरोप जुनाच. रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत, मार्च 1940 पासून, आकाशवाणीवर पेटीला बंदी आली. टागोरांनाही पेटी नकोशी होती. गंमत अशी, की साहेबाला हे वाद्य हिंदुस्थानी संगीताला न शोभणारं वाटत होतं आणि आपल्या राष्ट्रप्रेमींना परकं. दोघांचं एकमत झालं ते पेटीवर! (वाद्य मुळात पॅरिसचं, हे खरंच.) 1947 साली इंग्रज गेले, बंदी मात्र राहिली. ती सैल व्हायला 1971 उजाडलं. इकडे गोविंदराव टेंब्यांनी ज्या पेटीवर नाव कमावलं, ती भजनात, कीर्तनात, नाटकाच्या पिटात रोज वाजतच होती. रेडिओवर ती नव्हती म्हणून गावातलं भजन काही थांबलं नाही.

हे सगळं आज डोक्यात येण्याचं कारण म्हणजे रविवारची सोसायटीची मीटिंग. गणपतीत यंदा फक्त ‘आपलं’ संगीत, असा ठराव झाला. डीजेच्या दणक्याला कंटाळून मीही हात वर केला. सेक्रेटरी लगेच म्हणाले, ‘तुम्ही जाणकार, काय चालेल काय नाही त्याची यादी तुम्हीच करा.’ मी फुशारलो, खोटं कशाला सांगू.

आज वही उघडली. भजनं, अभंग, नाट्यगीतं लिहून झाली. पुढे कव्वाली? लावणी? तळमजल्यावरच्या पोराचा गिटार? आवाज किती डेसिबल हवा, एवढंच ठरवायला हवं होतं. मी मात्र फील्डनसाहेबाच्या खुर्चीत जाऊन बसलोय, तेही मांडीवर पेटी घेऊन.

‘अहो, झोपा आता, भाता बंद करा,’ आतून आवाज आला. यादी अर्धीच राहिली. उद्या सेक्रेटरींना फोन करून नाही म्हणावं लागेल. तसं म्हणणं मला जमत नाही, त्यामुळे बहुतेक तब्येतीचं कारण सांगेन.

पांढरी चार अजून जराशी अडतेच.