खोली चार दिवसांत मिळाली, करार १९ दिवसांनी

कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नांदेडहून सांगलीत आलो. खोली चार दिवसांत मिळाली. विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजांच्या पोरांमुळे जूनमध्ये भाडी चढलेली असतात, त्यात 'फक्त फॅमिलीला देतो' हे ऐकून कान किटले. मग संजयनगरकडे वळलो. वन आरके, पहिला मजला, भाडं ६,०००, डिपॉझिट २०,०००. मालक आजोबा मार्केट यार्डात हमाल होते. "रहा की पोरा, बायको आली की सांग," एवढंच बोलले.

कंपनी सामान हलवण्याचा खर्च देणार होती, पण नोंदणीकृत भाडेकरार दाखवल्यावरच. नोटरी चालणार नव्हती. आजोबांना वाटायचं, नोटरी केली की झालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "मग करून टाकू."

इथून पुढं अडलं ते अंगठ्यावर.

नोंदणीसाठी मालक आणि भाडेकरू दोघांचे ठसे आधारशी जुळावे लागतात, ते घ्यायला एजंट लॅपटॉप आणि मशीन घेऊन घरी आला. माझा अंगठा पहिल्याच खेपेला लागला. आजोबांचा लागेना. उजवा, डावा, परत उजवा. स्क्रीनवर तेच, आधारशी जुळत नाही. एजंट म्हणाला, हात गरम पाण्यानं धुवा, व्हॅसलीन लावा, चार दिवसांनी येतो. चार दिवसांनी तेच. तिसऱ्या खेपेला तर तो "म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं" म्हणून मशीन गुंडाळून उठला, आणि येण्याजाण्याचे पैसे माझ्याकडून घेतले. आजोबा धोतराला अंगठा पुसत बसले होते. "चाळीस वर्षं हळदीची पोती उचलली, रेघा कुठनं ऱ्हातील?" त्यांचा तो ओशाळलेला चेहरा बघून मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. ज्या हातांनी हे घर बांधलं त्याच हातांना स्वतःच्या घराचा करार करता येत नव्हता.

दोन आठवडे गेले. कंपनीतून रोज विचारणा. शेवटी ऑफिसातल्या एका ताईंनी कोर्टाजवळच्या दुसऱ्या एजंटाचं नाव सुचवलं. त्यानं आधी विचारलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे ठशांचा वापर बंद करून ठेवलेला, तर नाही ना? नव्हतं. मग म्हणाला, "अंगठाच कशाला? दहाही बोटं आहेत की." एकेक बोट लावत गेला. डाव्या हाताची अनामिका लागली! आजोबांनी ते बोट वर धरून घरात आजींना दाखवलं.

तर पहिल्या एजंटाला कुणी भेटलं, तर एकच सांगा : अंगठा नाही लागला तर बाकीची बोटं लावून बघ. दहाही अडली तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं द्यायचे, मात्र ते अपडेट व्हायला दिवस जातात, म्हणून हे आधीच तपासून ठेवा.

खर्चाचं सांगायचं राहिलं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजाचीही भर धरतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटाचा मोबदला वेगळा, तो आधीच ठरवा, आणि खेपांचे पैसे द्यायचे की नाही तेही.

आणि खोली बघायच्या आधीच विचारायचा प्रश्न : २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलावर कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शामरावनगरात तळमजल्याची स्वस्त खोली दाखवली तेव्हा मी मालकाला विचारलं नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारलं. त्यानं भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर हात ठेवला. मी तिथूनच परत फिरलो.

करार हातात आला त्या संध्याकाळी आजींनी भडंग दिलं, आणि आजोबांनी तो कागद दोनदा वाचून देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवला.