हॉचपॉच: एका भांड्यातला शब्द

'हॉचपॉच' हा यमक साधणारा इंग्रजी शब्द मला मनापासून आवडतो. भांडे हलवून ढवळण्याच्या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून तो आला आणि 'पॉट'चे 'पॉच' झाले ते निव्वळ नादापायी. स्कॉटलंडमध्ये कोवळे मटण, वाटाणे, गाजर, सलगम एकत्र शिजवलेल्या दाट रश्श्याला हे नाव आहे. एरवी ते कोणत्याही विस्कळीत सरमिसळीला लावतात, जसे आपण 'विचारांची खिचडी' म्हणतो. मला मात्र अधिक मोलाचे वाटते ते त्याचे कायद्यातील भावंड, 'हॉचपॉट': एखाद्याने स्वकष्टार्जित जमीन स्वेच्छेने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मिसळली, की ती सामायिक हॉचपॉटमध्ये टाकली, असे आपल्याकडील वाटणीच्या दाव्यांच्या निकालपत्रांतही लिहिलेले आढळते.