एक ग्रॅमची ठुशी

गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी ठुशी काढली, तर मानेवर हिरवट पट्टा आणि मागचे मणी तांबूस. जेमतेम चौथ्यांदा घातली होती. दुकानात 'एक ग्रॅम गोल्ड' म्हणून दिली होती आणि मी खुशाल धरून चालले होते की त्यात ग्रॅमभर सोनं आहे.

कोल्हापुरात गुजरी या सराफ बाजाराजवळच्या एका बोळात पॉलिश करणारे मामा आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी एक मणी नखानं खरवडला आणि हसले. "वैनी, ग्रॅमभर सोनं आठशेला कोण देईल?" मग पावतीच्या पाठीमागे हिशेब मांडला. सगळ्या मण्यांचा पृष्ठभाग समजा 50 चौरस सेंटिमीटर. त्यावर 0.1 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकं जाड सोन्याचं पाणी दिलं तर सोनं लागतं 10 मिलिग्रॅमच्या आसपास. अख्खा एक मायक्रॉन चढवला तरी जेमतेम ग्रॅमचा दहावा हिस्सा. खाली सगळं पितळ, आणि घाम, अत्तर लागलं की ते पातळ थरातून डोकं वर काढणारच.

मी एक मायक्रॉन सांगितला. मामांनी दोरा कापून मणी सोडवले, घासले, रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं धुतले आणि आधी निकेलचा थर दिला. सोन्याच्या द्रावणात सायनाइड असतं म्हणून मला दारातच उभं केलं. तारेत ओवलेले पांढुरके मणी बुडवले आणि बघता बघता पिवळे झाले. मला वाटलं, झालं. मामा काही बाहेर काढेनात. "रंग लगेच येतोय वैनी, जाडीला वेळ लागतोय. रंग आला की काढायचं, हाच तर धंदा हाय."

पिशवीत हुपरीचे चांदीचे पैंजणही होते. त्यांवर सोन्याचं पाणी द्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. पायात घासून घासून महिन्यात जाईल आणि उरेल त्याखालून चांदी काळी पडेल, म्हणाले. गिऱ्हाईक परतवणारा माणूस मी गुजरीत पहिल्यांदाच पाहिला!

ठुशी गाठवायला शेजारच्या बाईंकडे दिली. या सगळ्या धुण्याघासण्यात दोन मणी हरवले होते. त्यांनी मागची दोरी बोटभर लांब सोडली. केस मोकळे असले की कळत नाही.