फुप्फुस हे उघडं भांडं नाही : घरच्या गेमसाठी जादूचे नियम लिहिताना

पाणी तयार करणारा मंत्र दिसायला अगदी गरीब. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत खेळायच्या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्यातून १० गॅलनपर्यंत स्वच्छ पाणी मिळतं; भांड्यात घ्यायचं तर भांडं उघडं हवं. मग टेबलावरचा हौशी वकील विचारतो, ‘शत्रूचं फुप्फुस उघडं भांडंच ना?’ अशाच आमच्या घरच्या टेबलटॉप रोलप्लेइंग गेमसाठी जादू लिहायला बसलो तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मी हाच प्रश्न लिहिला. दोन खेळाडूंनी जीएमला (खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला) न विचारता एकच मंत्र वाचावा आणि दोघांचं उत्तर सारखं यावं, एवढीच माझी स्पष्टतेची व्याख्या.

सांगाडा म्हणून तयार मंत्रांची यादी घेता येते, नाहीतर क्रियापद आणि नाम जोडून मंत्र तिथल्या तिथे बनवता येतो. १९८७ च्या आर्स मॅजिका या अशाच खेळामध्ये ५ क्रिया आणि १० विषय आहेत, म्हणजे ५० जोड्या. रविवार दुपारच्या खेळाला हे फार झालं. मी घडव, बदल, हलव, ओळख ही चार क्रियापदं घेतली आणि आग, पाणी, माती, वारा, देह, मन ही सहा नामं. चोवीस जोड्या एका कागदावर मावतात.

पहिला सुरुंग लागला तो ‘बदल + देह’ला. ‘त्याचं काळीज दगडाचं करतो.’ वाक्प्रचार म्हणून ठीक आहे, नियम म्हणून एका खेळीत राक्षस आडवा. अशा वेळी त्या एका मंत्रावर बंदी घालायचा मोह होतो. तो टाळावा, उद्या कोणीतरी रक्ताची वाफ करेल. बंदीऐवजी सगळ्या जोड्यांना लागू होणारी दोन वाक्यं लिहिली. एक : जादू कातडीपर्यंत येते, कातडीच्या आत ती फक्त स्पर्शाने आणि समोरच्याच्या संमतीने जाते. दोन : जादूने होणारी इजा फाशांतच मोजायची, जादूसाठी खर्चलेल्या एका ‘दमा’ला एक फासा, वर्णन काहीही असो. फुप्फुसाचा खटला पहिल्या वाक्यातच निकालात निघाला, आणि जखम भरणारा वैद्यही वाचला.

‘दम’ हे जादूचं चलन. हिशेब कागदावर खोडत बसण्यापेक्षा प्रत्येकासमोर दमाला एक असे चिंचोके ठेवले. चालू ठेवायच्या मंत्राच्या कार्डावर एक चिंचोका अडकून पडतो, मंत्र सोडला की परत येतो. त्यामुळे ‘माझं कवच अजून चालू आहे ना?’ हा प्रश्नच उरत नाही.

किती दम द्यायचे ते मात्र गणिताने ठरवावं. आमच्याकडे दोन साधे फासे, अधिक कौशल्य. बेरीज १० किंवा जास्त आली की पूर्ण यश, ७ ते ९ ला यश पण काहीतरी मोजावं लागतं, ६ किंवा कमी म्हणजे फसलं. कौशल्य शून्य असताना ३६ पैकी १५ वेळा फसतं, +१ ला १० वेळा, +२ ला ६ आणि +३ ला फक्त ३ वेळा. म्हणून वरची मर्यादा +२. त्यापुढे जादूतला धोकाच संपतो.

आता तुलना. +१ चा तलवारवाला १ फासा अधिक २, म्हणजे सरासरी साडेपाच इजा करतो, आणि त्याचा वार ७२ टक्के वेळा लागतो : दर खेळीला साधारण ४, चार खेळ्यांच्या चकमकीत १६. जादूगार दोन दम खर्चून दोन फासे टाकतो. सरासरी ७, त्याच टक्केवारीने सुमारे ५. दहा दम दिले तर तो चारही खेळ्यांत जादू करून २० करतो आणि तलवारवाला प्रेक्षक होतो. सहा दमांत तीन खेळ्या, १५. मग हात रिकामे. सहावर थांबलो. तरी एक भोक राहिलं : झोपल्यावर सगळे दम परत येत असतील तर जादूगार पहिल्याच चकमकीत सगळं उधळतो आणि सकाळी अकराला तंबू ठोकतो. रात्रीला दोनच दम, बाकीचे गावात पोचल्यावर, असं केलं तेव्हा प्रवासाला अर्थ आला.

जागेचा नियमही मोजता येईल असाच हवा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीत आगीचा गोळा सुमारे ३३,००० घनफूट जागा भरायचा. १० बाय १० फुटांच्या बोळात ती आग ३३० फूट धावते, दोन्हीकडे १६५, आणि टाकणाराच भाजून निघतो. वाचायला धमाल, पण दरवेळी भागाकार कोण करणार? आमची आग चौकटीच्या वहीवर तीन बाय तीन घरं घेते आणि भिंतीपाशी थांबते.

अदृश्य होण्याचं कार्ड मला चारदा लिहावं लागलं. ‘हल्ला केला की मंत्र मोडतो’ हे वाक्य पुरत नाही. पिंजऱ्यातला कुत्रा सोडणं हा हल्ला आहे का? शेवटी हेतूचा नाद सोडला आणि फाशांना धरलं : ‘कोणाला इजा करण्यासाठी तू फासे टाकलेस की मंत्र मोडतो.’ कुत्रा सोडायला फासे लागत नाहीत, म्हणजे अदृश्यपणा टिकला. अंगावरचं आणि हातातलं दिसत नाही; आवाज, वास आणि पाऊलखुणा राहतात.

तपासणीसाठी एकेक कार्ड दोघांना वेगवेगळं द्यायचं, सोबत पाच आडवेतिडवे प्रश्न, उत्तरं लेखी. तोंडी विचारलं की दुसरा पहिल्याच्या सुरात सूर मिळवतो. उत्तरं जुळली नाहीत तर समजावत बसायचं नाही, कार्ड बदलायचं.

सगळ्यात शेवटी ‘ओळख + मन’ उरलं. खून कोणी केला हे एका दमात कळत असेल तर रहस्यकथा चालवायची कशी? सध्या ते असं आहे : समोरचा या क्षणी ज्याचा विचार करतोय त्याबद्दल एक प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही, आणि आपल्या मनात कोणीतरी डोकावलं हे त्याला कळतं. त्यामुळे खेळाडू आता आधी संशयिताशी गप्पा मारून विषय खुनाकडे वळवतात, आणि मगच चिंचोका पुढे सरकवतात.